वरून ओतलेलं पाणी

"आई, तो तांब्या नको घेऊ! तुझा पेला वेगळा आहे ना!" ललिता ओरडली तेव्हा तांब्या माझ्या ओठांशी आला होता. पोट्टी दारात बसून पाटीवर सातचा पाढा लिहीत होती. तिनं मान वर केली, मला सांगितलं आणि परत पाढ्यात घुसली. तिच्या आवाजात ना भीती होती ना किळस. घरात चपला घालून येऊ नये, दिवेलागणीला वंदना म्हणावी, आईचा पेला वेगळा असतो, हे सगळं तिच्या लेखी एकाच माळेतलं. मी तांब्या खाली ठेवला. चुलीपाशी आत्याला खोकल्याची उबळ आली, ती तिनं पदरात दाबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अवं, तुयं पानी ठेवलं हाये ना. थ्या खिडकीत पाह्य." खिडकीत माझा पेला होता. लहान, पितळी, राखेनं घासून घासून उजळ केलेला, वर झाकण. मी त्यातलं पाणी प्यायले. कोमट होतं. इंजेक्शनासाठी अकोल्याला जायच्या गाडीची वेळ होत आली होती, तोंड आधीच कडू होतं, आणि सकाळी सकाळी भांडण उकरायला अंगात त्राण नव्हतं.

मला माहीत नव्हतं असं नाही. पण कळलेल्या गोष्टीला कुणी तोंडानं बोलून दाखवेपर्यंत माणूस ती कळली असं म्हणत नाही. पहिलं इंजेक्शन झालं त्याच आठवड्यात माझं ताट वेगळं निघालं. बाकीच्यांची ताटं साध्या पाण्यानं, माझं ताट उकळत्या पाण्यानं. ललिताला जराशी सर्दी झाली, तर तिचं अंथरूण माझ्या खोलीतून उचलून बाहेर आत्याजवळ गेलं. सर्दी गेली, अंथरूण परत आलं नाही. आत्या माझं जेवण आणते ते उंबऱ्यापर्यंत. नाकावर पदर घेते, ताट आत सरकवते आणि तिकडेच उभी राहते. शेजारची इंदूबाई भेटायला आली तर आत्यानं तिला बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं, "झोपली हाये थे" म्हणून. मी आत टक्क जागी. लाज वाटत असेल सुनेची, वास येत असेल माझा. औषधाला एक वास आहेच. तो घामाला लागतो, उशीला लागतो, आणि कितीही आंघोळ केली तरी मला तो स्वतःला येतोच.

आत्या नुसती सासू असती तर मी इतकी पेटले नसते. पण चतुराबाई म्हणजे माझ्या बापाची सख्खी बहीण. मला पाळण्यात बघितलं तेव्हाच तिनं 'ही माझ्या श्रावणची' म्हणून सांगून ठेवलं होतं. माझ्या बाळंतपणात मला न्हाऊ घातलं ते हिनं. नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण म्हणून पहिल्या दिवशी जायला निघाले तेव्हा मागं उभी राहून फ्रेजरपुऱ्याच्या कोपऱ्यापर्यंत बघत राहिली ती हीच. आणि आमच्या बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर आहे, तिला रोज सकाळी फूल वाहते तीही हीच. त्या तसबिरीखाली बसून ही बाई माझं ताट वेगळं धुते! दुसऱ्या कुणाच्या घरात हे झालं असतं तर मी म्हणाले असते, अडाणी आहेत बिचारे. आमच्या घरात असं म्हणायची सोय नव्हती. आम्हाला पेल्याचा अर्थ कुणी शिकवायला नको होता.

ललिताचे बाबा बडनेऱ्याला पार्सल ऑफिसात आहेत. दर खेपेला तेच मला अकोल्याला नेतात, डॉक्टरांशी काय बोलायचं ते बाहेर उभं राहून बोलतात, मी तोवर आत कॉटवर आडवी. या खेपेला त्यांच्या जोडीचा बाबू तापानं पडला, रजा मिळाली नाही. फलाटावर त्यांनी मला बायकांच्या डब्यात बसवलं आणि खिडकीतून लिंबं हातात दिली. "जमंन ना तुले एकटीले?" म्हणाले. "न जमायला काय झालं?" मी फाडकन बोलले. मग गाडी सुटता सुटता विचारलंच, "माझा पेला कुणी वेगळा काढला?" त्यांनी खाली बघितलं. रुळांकडे बघत म्हणाले, "आई पाह्यते थे सगळं. तू नोको डोकं शिनवू." गाडी हलली. ते दोन पावलं सोबत चालले आणि थांबले. बघा, मी मनात म्हटलं, ह्यालाही ठाऊक आहे. माणूस खोटं बोलत नाही, पण खाली बघतो, आणि तेवढ्यानं मला दिवसभर पुरेल इतका राग मिळाला.

राग मला लागतोच. मुंबईला कॅन्सरसाठी माझी डावी छाती कापून काढली तेव्हा तिथली नर्स म्हणायची, बाई, चांगले चांगले विचार करा. मी करून पाहिले. फुलं, झाडं, सेमाडोहला शाळेची सहल नेली होती तिथली थंडी, सगळं आणून पाहिलं डोळ्यांपुढे. उलटी व्हायची ती झालीच. मग एका इंजेक्शनाला मी शाळेतल्या त्या बड्या गुरुजींचा राग केला, जे मी परत येईन की नाही याची चौकशी माझ्यासमोरच दुसऱ्याला करत होते. दात आवळून मूर्तिजापूरपर्यंत त्यांना शिव्या घातल्या, आणि काय सांगू, उलटी बडनेऱ्यापर्यंत थांबली. तेव्हापासून मी दर खेपेला एकजण पकडते. ज्या बाईनं कपाळाला हात लावून 'अगं बाई, केस पण गेले?' म्हटलं ती एका खेपेला. ज्या शिंप्यानं मापाचं पोलकं आणा म्हटलं, मी जुनं नेलं, आणि त्यानं दोन्ही बाजू भरल्या धरून नवं पोलकं शिवून दिलं, तो एका खेपेला. त्या बिचाऱ्याची काय चूक, माझीच होती, पण रागाला न्याय नको असतो, माणूस हवा असतो. लोक देवाचं नाव घेऊन सुई टोचून घेतात. आम्ही देव सोडले छप्पन साली, म्हणून मी हे शोधून काढलं.

कुरुम स्टेशन गेलं, माना गेलं. बाहेर काळं वावर पसरलं होतं, कापसाची बोंडं नुकती फुटायला लागली होती. खिडकीतून वारा आला की माझ्या डाव्या बाजूला गार लागतं. तिथं आता काही नाही, पोलक्यात कापसाची गादी कोंबलेली असते, तरी गार लागतं, आणि ते गार मला ओळखीचं आहे. नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत मला असंच गार लागायचं. मधल्या सुट्टीत आम्ही मुलं पाण्याच्या घडवंचीपासून लांब ओंजळ करून उभी राहायचो. शिपाई त्याच्या सवडीनं यायचा, आणि वरून ओतायचा. वरून म्हणजे किती वरून, तर हात पूर्ण वर करून, म्हणजे धारेतून विटाळ वर चढायला नको. पाणी ओंजळीत कमी पडायचं, बाकी कोपरावरून आत पोलक्यात. डाव्या बाजूनं खाली पोटापर्यंत जायचं. त्या पाण्याची चव मला कधी आठवत नाही, फक्त ते वाहत गेल्याचं आठवतं. वर्गात जाऊन बसलं की मास्तर म्हणायचे, ओली कशी झालीस गं. आता तिथलं मांसच काढून टाकलं मुंबईच्या डॉक्टरांनी, बादलीत टाकलं असेल, जाळलं असेल, पण तो ओलावा काही त्याच्याबरोबर गेला नाही.

आणि हे सगळं आत्याला माहीत नाही? तिनं तर माझ्यापेक्षा जास्त प्यायलं आहे तसं पाणी. आम्ही नांदगावला होतो तोवर पाटलाच्या वावरात कापूस वेचायला जायची, तेव्हा दुपारच्या चहाचा तिचा पेला पाटलाच्या गोठ्यात असायचा. कान तुटलेला चिनी मातीचा पेला, भिंतीतल्या कोनाड्यात, बैलांच्या दाव्यांच्या वर. तिनं स्वतः काढायचा, धुवायचा, पुढे धरायचा. वरून चहा ओतला जायचा. प्यायचा, धुवायचा, परत कोनाड्यात. वर्षानुवर्षं. मग छप्पनच्या दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला गेलो आणि दीक्षा घेऊन परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या पांढरं लुगडं नेसली, ते लुगडं तिनं दीक्षेसाठीच घेतलं होतं, आणि तडक पाटलाच्या वाड्यावर गेली. मी मागोमाग, माझ्या पोटात ललिता. आत्यानं कुणाला हाक मारली नाही. गोठ्यात गेली, कोनाड्यातला पेला काढला, पाटलाच्या पायरीवर आणून आपटला. पाटलीण बाहेर आली. आत्या म्हणाली, "मोजून ठेव बाई तुकडे. आता आमचा थो राह्यला नाई." आणि परत येताना सगळी वाट ती हसत होती, इतकी की मला भीती वाटली, हिला काही झालं की काय.

तीच बाई. मूर्तिजापूरला चहावाला आला तेव्हा मी चहा घेतला नाही.

अकोल्याच्या दवाखान्यात बाकावर माझ्याआधी एक बाई होती. साठीची असेल. कपाळावर मोठं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, लुगडं जाडंभरडं पण चांगलं. उजवा हात सुजून खांबासारखा झाला होता, म्हणजे तिची उजवी बाजू गेली असणार. मला बघितल्याबरोबर तिची नजर आधी माझ्या पोलक्यावर गेली आणि मग तोंडावर. आम्ही बायका अशा ओळखतो एकमेकींना आता. "पह्यलीच सुई हाये मायी," ती म्हणाली. "लय दुखते का वं?" मी म्हटलं, "टोचायला काही नाही. नाकात झिणझिण्या येतात, तोंडात लोखंडाची चव येते, आणि मग दोन दिवस जीव नकोसा होतो." खोटं कशाला सांगू? तिनं मान हलवली. तिचं नाव मैनाबाई. पोरगा तिला बसवून बाजारात गेला होता. ती बराच वेळ दाराकडे बघत होती, आणि मला कळलं की ही दार मोजते आहे, उठून जायला किती पावलं लागतील ते.

"मी जातो," ती म्हणालीच शेवटी. "कायच्यासाठी घ्याची सुई? घरी कोन वाट पाहून राह्यलं मायी? सुनेनं माया पेला येगळा केला, ताट येगळं केलं. येगळं म्हनजे कुठी, तं गोठ्यात! बैलाच्या संगं! मी मालकीन थ्या घरची, आन् मले पानी वरतून टाकते थे. लागते म्हने हे." आणि ती तोंडाला पदर लावून रडायला लागली.

मला हसू आलं. आवरेना. दवाखान्यात माणसं बघायला लागली तरी आवरेना. ऑपरेशनपासून मी एवढी हसले नव्हते. मैनाबाईनं पदर काढून माझ्याकडे बघितलं. "हासता काऊन बाई? मायं रडनं हासाची गोठ हाये का?" मी म्हटलं, "तुमचं गाव कोणतं?" "नांदगाव खंडेश्वर." मग तर मला डोळे पुसावे लागले. "माझंही माहेर तेच," मी म्हटलं. "कोनाच्या तुमी?" हा प्रश्न येणारच होता. आमच्या मुलखात गाव विचारलं की पाठोपाठ तो येतो. मी सांगितलं. सरळ सांगितलं, आवाज न उतरवता. ती सरकली. फार नाही, बाकावर एक वीत. बाकाच्या पलीकडच्या टोकाला जागा होती तरी तिथवर गेली नाही, हे मी तिच्या बाजूनं सांगते. "आमचा पेलाही तुमच्याच गोठ्यांत असायचा, मैनाबाई," मी म्हटलं. "त्या कोनाड्याला आता तुम्ही आलात, म्हणून हसले. वाईट नका वाटून घेऊ."

मला वाटलं, आता ही उठून जाणार, आणि एकीकडे मला ते हवंही होतं, कारण माझ्या आजच्या रागात एक माणूस वाढला असता. पण ती गेली नाही. आपल्या सुजलेल्या हाताकडे बघत बसली आणि खालच्या आवाजात तिनं विचारलं, "मंग तुमी लोकं काय करत होत्या वं? कसं सोसत होत्या?" माझ्या आयुष्यात मला असं कुणी विचारलेलं नाही. कीव केली लोकांनी, भाषणं केली, माफ्या मागितल्या कुणी कुणी. कसं सोसलंत, जरा आम्हालाही सांगा, असं कुणी विचारलं नव्हतं. मी तिला आत्याची गोष्ट सांगितली. पांढरं लुगडं, पायरी, तुकडे. ती ऐकत राहिली. "माया हातानं तं आता पेला उचलत बी नाई," ती म्हणाली. "तर राग करा," मी म्हटलं. "हात चालत नसला तरी राग चालतो. सुनेचा करा, पोराचा करा, हवा तर माझा करा. पण सुई घ्या. तुम्ही मेलात तर त्या गोठ्यातला पेलाच खरा ठरेल." कंपाउंडरनं तिचं नाव पुकारलं. ती उठली, दाराकडे बघितलं, आणि आत गेली. जाताना म्हणाली, "कठीन बाई हाये तू." मला ते आवडलं.

माझ्या बोटातून रक्त घेतलं, काचेच्या पट्टीवर पसरलं, आणि डॉक्टर बराच वेळ सूक्ष्मदर्शकावर वाकून बसले. दर वेळी हीच वाट बघायची असते. पेशी उतरल्या असल्या तर इंजेक्शन पुढे ढकलायचं, आणि पुढे ढकललं की आतला रोग डोकं वर काढणार. "वा, रक्त छान आहे," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडच्या बाकी बायकांपेक्षा चांगलं टिकलं आहे. घरचे चांगले जपतात वाटतं." मी मनात म्हटलं, जपतात, लोणच्यासारखं, वेगळ्या बरणीत. आणि मग जे विचारायला मी महिनोन्महिने घाबरत होते ते विचारलं. घाबरत होते, कारण उत्तर 'हो' आलं असतं तर? ललिताला मी किती रात्री कुशीत घेऊन झोपले होते त्याआधी! "डॉक्टर, हे एकापासून दुसऱ्याला लागतं का? उष्ट्यानं, जवळ झोपल्यानं?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "मुळीच नाही. तुमच्यापासून कुणाला काही होणार नाही. हे तुमच्या डोक्यात कुणी घातलं?" मी म्हटलं, "कुणी नाही." तेवढ्यात बाहेर मैनाबाईला उलटी झाली, ते तिकडे धावले. परत आले, माझ्या दंडाला रबर बांधलं, आणि औषध आत गेलं. नाकात झिणझिण्या, जिभेवर लोखंड. मी आढ्याकडे बघत होते आणि मला अक्षरशः ताकद आल्यासारखं वाटत होतं. लागत नाही. आता माझ्या हातात डॉक्टरांचं तोंडी सर्टिफिकेट होतं.

परतीच्या गाडीत मी भाषण तयार केलं. लिंबू नाकाशी धरलं, डोळे मिटले, आणि एकेक वाक्य घासून ठेवलं. आत्या, लागत नाही हे. आत्या, तुम्ही काय फोडलं होतं ते आठवतं का? आत्या, माझी लेक माझ्याजवळ झोपेल, आजपासून, या क्षणापासून. आत्या म्हणेल, पोट्टीचा जीव महत्त्वाचा. मी म्हणेन, डॉक्टरपेक्षा तुम्ही शहाण्या? आत्या रडेल. मी रडणार नाही. काटेपूर्णेला पोटातलं सगळं घशाशी आलं, ते मी गिळलं आणि पुढचं वाक्य घेतलं. मुलांना कविता पाठ करायला लावते ना मी वर्गात, तसं सगळं म्हणून पाहिलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बडनेरा येईस्तोवर. ललिताचे बाबा फलाटावर उभे होते. मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. ते हात धरायला आले, मी धरू दिला, कारण पाय चालत नव्हते.

घरी दिवे लागले होते. ललिता वंदना संपवून उठत होती. मला बघून धावली, तर आत्यानं तिचा दंड धरून तिला मागं ओढलं. बस्स. मी उंबऱ्यावरच थांबले आणि तयार केलेलं सगळं एका दमात सांगितलं. "आत्या, मी डॉक्टरांना विचारून आले. हे लागत नाही. माझं उष्टं खाल्लं तरी लागत नाही. माझ्याजवळ झोपलं तरी लागत नाही."

"मले मालूम हाये," आत्या म्हणाली.

"मालूम आहे?" मी म्हटलं. लग्न झाल्यापासून मी तिला तुम्ही म्हणते, शाळेतली मास्तरीण म्हणून घरातही नीट बोलते; ते सगळं गळून पडलं. "मंग तू काऊन माया पेला येगळा केला? तू, आत्या? पाटलाच्या पायरीवर फोडला होता ना तू? मी होती ना तुया मागं उभी! आन् आता मायं ताट येगळं, मायी लेक येगळी, नाकाले पदर लावून येतं तू मायापाशी!"

आत्या आधी माझ्याकडे आणि मग तिच्या पोराकडे बघत राहिली. "थ्यानं नाई सांगतलं तुले अजून?" ललिताचे बाबा खाली बघत होते, सकाळसारखेच. आत्याला खोकला आला. ती भिंतीपर्यंत मागं सरकली, पदर तोंडात कोंबून खोकली, मग बोलली. "अवं येडे, तुयं आमाले लागत नाई. आमचं तुले लागते! पह्यल्या सुईलेच डाक्टरनं श्रावणले सांगतलं. या सुईनं रोगाचं मरते तसं आंगातलं चांगलं बी मरते म्हने. कोनाचा खोकला, कोनाची सर्दी, पोट्टीचा ताप, काई बी धरलं हिले तं मंग सुटत नाई. भांडे येगळे ठेवा, पानी उकळून द्या, पोट्टीले दूर झोपवा, शेजारपाजार येऊ देऊ नोका. आन् मले हा मेला खोकला, जातच नाई. म्या नाकाले पदर लावतो थो तुया वासानं? माया श्वास तुया आंगावर पडू नये म्हनून लावतो वं!"

"मले काऊन नाई सांगतलं?"

"थो म्हने, भेईन थे. भेली तं सुया सोडून देईन. कोनावर राग करून जाते ना गाडीत, जाऊ दे म्हने, राग बरा हाये." आत्याचा आवाज फुटला. "तुया पेल्यात पानी टाकताना मले थो कोनाडा दिसे, मनकर्णा. म्या जिंदगीभर वरतून पेली. तुले येगळं पाजाची पाळी मायावर आली. पन डाक्टर म्हने, तं काय करू?"

मी खाली बसले. उंबऱ्यावरच, एक पाय आत, एक बाहेर. मी तिसरीच्या मुलांना आरोग्याचे धडे शिकवते. उकळलेलं पाणी, झाकलेलं भांडं, तोंडावर रुमाल, सगळं फळ्यावर लिहून घेते. माझ्या स्वतःच्या खिडकीत तोच धडा इतके महिने मांडलेला होता आणि मला तो वाचता आला नाही. कसा येणार? वेगळा पेला म्हटलं की आमच्या हाडांना एकच गोष्ट माहीत. वेगळा पेला म्हणजे तुझा विटाळ. जपण्यासाठीही कुणी कुणाचं भांडं वेगळं ठेवत असेल, हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. या घरात विटाळ माझा नव्हताच. त्यांचा होता, आणि तो या म्हातारीनं आपणहून अंगावर घेतला होता, ज्या अंगावरून तो एकदा झटकून टाकताना ती वेड्यासारखी हसत सुटली होती.

आणि राग गेला. असा गेला की मी तो शोधत राहिले. अकोल्याची अजून बरीच इंजेक्शनं बाकी होती, आणि त्या गाडीत बसायला माझ्याजवळ आता कुणीच उरलं नव्हतं, ना गुरुजी, ना शिंपी, ना आत्या. त्याच्या खाली जे होतं ते तेवढं वर आलं. ते मी मुंबईला भूल देताना पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याच्याकडे पाठ करून बसले होते. मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही.

"आत्या," मी म्हणाले, "मले भेव वाटते. मरनाचं भेव वाटते मले."

आत्या भिंतीपासून निघाली. माझ्यापर्यंत आली, माझ्या उघड्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला, आणि मध्येच आठवून मागं घेतला. पदर नाकावर ओढला. नुसते डोळे बाहेर राहिले, ते गळत होते.

"वाटू दे," ती पदरातून म्हणाली. "भेव वाटलं म्हनून सुई चुकवाची नाई. पुढच्या खेपेले म्या येतो तुया संगं."

"आन् खोकला?"

"बाजूच्या डब्यात बसीन."